टिल्लूची नोकरी

११ ऑगस्ट

टिल्लूला नोकरी लागली. म्हणजे खरं तर मला लागली, फक्त रोज उठून जायचं त्याला आहे.

कंपनी आमच्या कॉलेजात आली होती. पहिली परीक्षा घरून द्यायची, तीन प्रोग्राम लिहून पाठवायचे. टिल्लू माझ्या शेजारी बसून बिस्किटं खात होता आणि मी त्याच्या नावाने लिहीत होतो. मग तेच तीन मी माझ्या नावाने वेगळ्या तऱ्हेने लिहिले. दोघेही पुढे गेलो. दुसरी फेरी त्यांच्या ऑफिसात. टिल्लूला बोलता येतं. तेवढं एकच येतं, पण ते धो धो येतं. मला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं, हातात मार्कर दिला आणि मी दात घासताना सोडवीन असा प्रश्न घातला. पाठीमागे तीन माणसं बघत बसली होती. कुणी बघत असलं की माझं डोकं कोरं होतं, हे शाळेपासूनचं आहे. मी मार्करचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, पाणी हवंय का.

टिल्लू म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. उंची सहा फूट, तरी घरात नाव टिल्लूच. कम्प्युटर सायन्सची सगळी वर्षं त्याने माझ्या जिवावर काढली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघांचा मिळून होता, म्हणजे मी केला आणि त्याने सादर केला.

संध्याकाळी मावशी केक घेऊन आली. आमचा टिल्लू पहिल्यापासून चुणचुणीत, असं ती आईला सांगत होती, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली की तुझंही होईल रे, सगळ्यांची गाडी एकदम थोडीच सुटते. आईने मला सगळ्यात मोठा तुकडा दिला, आजाऱ्याला देतात तसा. मी तो खाल्ला.

२० ऑगस्ट

हे लिहायचा सल्ला ताईचा. ती दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट देण्याचं काम करते, त्यामुळे दुखणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं ते तिला पक्कं माहीत आहे. रोज लिही, म्हणाली. रोज लिहिण्यासारखं काही घडत नाही, म्हणून घडेल तेव्हा लिहीन.

मुद्दा असा आहे. पहिल्या नोकरीसाठी कंपन्यांना त्याच वर्षी पास झालेली पोरं हवी असतात. पुढच्या जूनमध्ये नवी बॅच बाहेर पडली की मी शिळा. मग मुलाखतीत ‘मधल्या काळात काय केलंत’ हा प्रश्न येतो, आणि त्याला आजवर कुणी खरं उत्तर दिलेलं नाही. तेव्हा कुठलीही चालेल, कसलीही चालेल, पण जूनच्या आत.

बाबांनी त्यांच्या ओळखीच्या गोदामवाल्याशी आत्ताच बोलून ठेवलंय. फाटकावर बसून आलेल्या-गेलेल्या ट्रकची नोंद करायची. बाबांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते यावरून कळावं.

२ सप्टेंबर

टिल्लूचा फोन. त्याला पहिलं काम मिळालंय आणि त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवरून बाहेर काही पाठवता येत नाही, म्हणून त्याने मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढून पाठवले. सगळे तिरके, एकात त्याचा अंगठा. मी ते मान वाकडी करून वाचले आणि जेवायच्या आत काम संपवलं. त्याने ते बघून बघून टाइप केलं.

त्याच्या अटी दोन. एक, फोटो लगेच पुसून टाकायचे. दोन, माझ्या लॅपटॉपवर एक ओळसुद्धा ठेवायची नाही, कारण कुणाला कळलं तर तो बाहेर. मी म्हटलं, अरे, हे सांगायला हवं का. पहिले थोडे दिवसच मदत लागेल, म्हणतो. सहा महिन्यांत तो पक्का होईल, आणि पक्का झाला की साहेबांकडे माझं नाव टाकेल. पक्क्या माणसाच्या शब्दाला तिथे वजन असतं.

मी सगळं पुसून टाकलं. विश्वास म्हणजे विश्वास.

१७ सप्टेंबर

कॅमेऱ्यावरची मुलाखत. आमच्या दोन खोल्यांत सरळ भिंत एकच आहे आणि तिला लागून आईचं शिलाई मशीन आहे. आई पडदे शिवून देते. मशीन बंद ठेव म्हटलं तर ठेवलं बिचारीने, आणि शेजारी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली. तिचं काम खोळंबलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. समोरचा माणूस म्हणाला, स्क्रीन दाखवा आणि लिहायला लागा, मी बघतोय.

म्हणजे दोघं बघत होते. मी तीन शब्द टाइप केले आणि दोन खोडले. तो माणूस मधूनमधून "येतोय ना आवाज?" असं विचारत राहिला, कारण इकडून काहीच हालचाल नव्हती. मुलाखत संपल्यावर आईने लगेच मशीन सुरू केलं. बाबा आतून म्हणाले, झालं एवढ्यात?

५ नोव्हेंबर

नकारांची आता मला भाषा कळायला लागली आहे. ‘तुमची माहिती आम्ही जपून ठेवू’ म्हणजे नाही. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ म्हणजे नाही. ‘एक-दोन दिवसांत कळवतो’ म्हणजे तर अजिबातच नाही.

टिल्लूची कामं वाढली. पहिले थोडे दिवस संपून बरेच दिवस झाले. सकाळी तो ऑफिसात पोचला की माझा मोबाइल थरथरायला लागतो. त्याला लाज अशी नाहीच. काल फोटोखाली लिहिलं होतं, ‘जेवणाच्या सुट्टीआधी हवंय, साहेब मागे लागलेत.’ मी अंघोळ सोडून बसलो.

ताईने आज पकडलंच. म्हणाली, "तू कामाला जातोस, तो पगाराला जातो. बरोबर ना?" मी तिला नीट समजावून सांगितलं की यात माझा सराव होतो, खऱ्या कंपनीचं खरं काम हाताखालून जातं, आणि टिल्लू पक्का झाला की पहिलं नाव माझं. ती भांडी पुसत होती. एक पातेलं फार वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तो तिथे तुझ्याबद्दल काय सांगत असेल?" मी म्हटलं, माझ्याबद्दल कशाला सांगेल, मी तिथे आहे हेच कुणाला माहीत नाही. यावर ती हसली, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१९ जानेवारी

आज मला माझाच अभिमान वाटतोय, आणि तो लिहायला या वहीखेरीज जागा नाही.

टिल्लूच्या कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, दुकानांना माल पोचवणारं. कुठली गाडी कुठल्या दुकानात कधी पाठवायची म्हणजे एकही गाडी रिकामी परतणार नाही, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. टिल्लूची अख्खी टीम त्यात अडकून पडली होती. सगळे सकाळच्या पहिल्या गाडीपासून विचार करत होते. मी उलटा निघालो. शेवटच्या गाडीपासून मागे मागे येत गेलो आणि गुंता आपोआप सुटत गेला. इतका आटोपशीर प्रोग्राम मी आजवर लिहिला नव्हता. पुसून टाकायच्या आधी तो मी परत परत वाचला. आता तो मला तोंडपाठ आहे.

२६ जानेवारी

काल साहेबांनी टिल्लूला पुढे उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मावशीने त्याचा फोटो आईला पाठवला. टिल्लूच्या हातात काचेचं काहीतरी आहे आणि तो लाजून खाली बघतोय. हे लाजणं त्याला कुठून जमतं देव जाणे.

आईने तो फोटो बाबांना दाखवला. बाबा मला म्हणाले, "बघ जरा त्याच्याकडे." मी बघितलं.

१२ फेब्रुवारी

आज चांगलं झालं. लिहितानासुद्धा भीती वाटतेय, पण झालं.

रंगाच्या दुकानावर दोन खोल्या, पाच माणसं, एवढीच कंपनी. जिन्यात थिनरचा वास. मालक चाळिशीचा, बोटांना शाई, बोलणं तुटक. मी धीर करून खरं सांगून टाकलं, की कुणी बघत असलं तर मला लिहिता येत नाही. तो म्हणाला, "मग मी कशाला बघत बसू? मी चहा पिऊन येतो, तू लिही." दार लोटून तो गेला. तो परत येईपर्यंत माझं लिहून झालं होतं आणि चुका काढून झाल्या होत्या. त्याने उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. "हे बरं आहे," म्हणाला, आणि मला मार्चपासून यायला जमेल का असं विचारलं.

फक्त एक औपचारिकता राहिली. या धंद्यातलं माझं काम माहीत असलेलं कुणीतरी हवं, म्हणजे तो फोनवर विचारून घेईल. मी टिल्लूचा नंबर दिला. माझं काम त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे?

घरी येऊन टिल्लूलाही सांगितलं. आधी त्याने विचारलं, मार्चपासूनच का. मग तो भरभरून बोलला. मला वाटतं, माझ्याहून त्यालाच जास्त आनंद झाला होता.

१ मार्च

रंगाच्या दुकानावरून काही नाही.

६ मार्च

शेवटी मीच फोन केला. मालक म्हणाला, तू लिहितोस छान, पण आमची जागा छोटी, आम्हाला रोज वेळेवर येणारा आणि शब्द पाळणारा माणूस लागतो. मी म्हटलं, मी रोज वेळेवर येईन. तो म्हणाला, "हो रे, पण मी विचारून घेतलंय," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी जिन्यात मला दहा-एक मिनिटं उशीर झाला होता, थिनरच्या वासाने डोकं धरलं म्हणून मी खाली थांबलो होतो. तेच त्याने मनात धरलं असणार. टिल्लूला विचारलं, तर म्हणाला की फोन आला होता आणि त्याने माझी तोंड भरून स्तुती केली. लहान कंपन्या अशाच असतात, म्हणाला, तिथे जाऊन तू कुजला असतास. आणि लगेच चार फोटो पाठवले. या आठवड्यात त्याच्याकडे कामाचा ढीग आहे.

ताईला हे सांगितलं. तिने विचारलं, नंबर कुणाचा दिला होतास?

२२ मार्च

टिल्लू पक्का झाला. आईने नवा पडदा शिवून मावशीला दिला, फुकट. मी टिल्लूला बाजूला घेऊन माझ्या नावाचं विचारलं. तो म्हणाला की सध्या भरती पूर्ण बंद आहे, वरून हुकूमच आहे, उघडली की पहिला फोन तुला. त्याचा चेहरा माझ्याहून पडला होता, म्हणून मी विषय वाढवला नाही.

११ एप्रिल

भरती उघडली आहे. कंपनीच्या साइटवर दिसलं. चार जागा, नवशिक्यांसाठी, गेल्या वर्षी पास झालेले चालतील. टिल्लू कामात इतका बुडालेला असतो की स्वतःच्या ऑफिसात काय चाललंय हे त्याला कळत नाही. कामात बुडालेला म्हणजे मी, पण तेच ते.

त्याला न सांगता अर्ज केला. एकदम पहिल्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं.

२४ एप्रिल

नशीब उघडतं म्हणजे काय ते आज कळलं.

परीक्षा घरून होती. आई बाहेर गेलेली, मशीन बंद, कुणी बघायला नाही. प्रश्न उघडला आणि मी खुर्चीतून उठलो. गाड्या, दुकानं, माल, रिकामी गाडी परतता कामा नये. तोच! माझाच! कंपनीने आपल्याच कामातला अवघड तुकडा उचलून परीक्षेत घातला होता. लोकांना दोन तास दिले होते आणि मला काही विचारच करायचा नव्हता. शेवटच्या गाडीपासून सुरुवात करून एका दमात उतरवून काढलं. अगदी जानेवारीत होतं तसं, ओळीला ओळ. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मग उरलेला वेळ चहा केला आणि खिडकीत उभा राहून प्यायलो.

जूनला अजून महिन्याहून जास्त अवकाश आहे. बाबांना आज मी आपणहून सांगितलं की गोदामवाल्याला माझ्यासाठी थांबू नका म्हणा.

९ मे

बोलावलं. समक्ष, ऑफिसात, परवा. फळ्यापाशी उभं करणार असतील का? पण मग मेलमध्ये ‘मुलाखत’ असं लिहिलं असतं. ‘चर्चा’ असं लिहिलंय. पगाराची वगैरे असेल. आईने माझा शर्ट दोनदा इस्त्री केला.

११ मे

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

काचेची खोली होती. आत टिल्लूचे साहेब, भरती बघणाऱ्या बाई, म्हणजे गेल्या वर्षी पाणी हवंय का विचारलेल्या त्याच, आणि टिल्लू. टिल्लूला बघून मला वाटलं, वा, यानेच शेवटी सगळं जमवून आणलं. मी हसलोसुद्धा त्याच्याकडे बघून.

बाईंनी मोठ्या पडद्यावर दोन प्रोग्राम शेजारी शेजारी लावले. डावीकडे माझं उत्तर, उजवीकडे जानेवारीत टिल्लूने कंपनीच्या साठ्यात टाकलेला प्रोग्राम. जुळणाऱ्या ओळींवर पिवळा रंग. सगळा पडदा पिवळा होता. त्यांच्याकडे आलेली सगळी उत्तरं कंपनीच्या साठ्याशी ताडून बघणारं यंत्र आहे. हे मला माहीत होतं. कुठल्याही कंपनीकडे असतं. मी नक्कल केली नव्हती, म्हणून ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

साहेब शांत होते. म्हणाले, हा प्रोग्राम कंपनीबाहेर कुठेही नाही, तो तुझ्याकडे कसा आला? मी टिल्लूकडे बघितलं. मला खरंच वाटत होतं की तो बोलेल. आणि तो बोलला.

"सर, हा माझा मावसभाऊ. घरी येतो-जातो. माझा लॅपटॉप उघडा असतो कधीकधी. चूक माझीच आहे, मी काळजी घ्यायला हवी होती." मग खाली बघून म्हणाला, "फक्त पोलिसात वगैरे नको, सर. घरची परिस्थिती बरी नाही. वर्षभर घरी बसून त्याचं डोकं जरा..." आणि वाक्य तसंच सोडलं. आवाज कापत होता त्याचा. उत्तम सादर करतो तो, मी म्हटलंच होतं.

मी म्हटलं, हे मीच लिहिलंय. बाईंनी कागद बघितला आणि साहेबांना सांगितलं की गेल्या वर्षीच्या मुलाखतीत याला फळ्यावर एक ओळही लिहिता आली नव्हती. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तू लिहिलंयस ना? मग यातला पहिला भाग इथे लिहून दाखव. हवा तेवढा वेळ घे."

मला तो तोंडपाठ आहे. आत्ता, हे लिहिताना, शेवटपासून पहिल्यापर्यंत म्हणून दाखवीन. मी बोटं ठेवली. तिघं बघत होते. काचेबाहेरूनही कुणी कुणी मान वर करून बघत होतं. माझी बोटं त्या बटणांवर बसून राहिली आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो. टिल्लूही बघत होता. आधी त्याला घाम फुटला होता. मग हळूहळू तो खुर्चीत मागे रेलला.

रंगाच्या दुकानाच्या मालकासारखं कुणीतरी चहाला जायला हवं होतं. सुचलं, पण तोंडातून निघालं नाही. खूप वेळाने साहेबांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. या क्षेत्रातल्या इतर कंपन्यांनाही माझं नाव कळवावं लागेल, तसा रिवाज आहे, असं बाई म्हणाल्या. या खेपेस पाणी हवंय का कुणी विचारलं नाही.

१२ मे

मी घरी पोचायच्या आत मावशी पोचली होती. टिल्लूने पोलिसांपासून वाचवलं म्हणून आईने तिचे हात धरले. आईने आयुष्यात मावशीसमोर मान खाली घातली नव्हती, ती काल घातली. मला म्हणाली, "माफी माग टिल्लूची." मी म्हटलं, प्रोग्राम माझा होता. तर मावशी म्हणाली की बघ, अजून तेच बोलतोय, टिल्लू म्हणालाच होता की याला आता ते खरंच वाटायला लागलंय.

बाबा आतून बाहेर आले. "चोरी करायची तर निदान ती तरी धड करायची," म्हणाले, आणि चपला घालून गोदामवाल्याकडे गेले. गोदामवाल्याने त्या जागी दुसरा माणूस घेतला होता. मीच सांगितलं होतं ना, थांबू नका म्हणून.

ताई एकटी माझ्या बाजूने उभी राहिली. ते सगळे फोटो दाखव, म्हणाली, तारखांसकट दाखव, आत्ता मावशीसमोर. मी म्हटलं, पुसले. लॅपटॉपवर काहीतरी असेल, ती म्हणाली. मी म्हटलं, तेही पुसलं. "एकही ठेवला नाहीस?" मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्न होता. मग ताईसुद्धा स्वयंपाकघरात निघून गेली.

टिल्लू आला, तेव्हा मी माफी मागितली. टिल्लूने मला मिठी मारली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

२० मे

परवा टिल्लू आला, दार लावून बसला, रडला. "मी दुसरं काय बोलणार होतो? खरं सांगितलं असतं तर दोघंही बुडालो असतो. एक जण वर राहिला तरच दुसऱ्याला ओढून काढेल ना?"

मी दोन दिवस यावर विचार करतोय. त्याच्यावर भयंकर संताप आहे. पण तर्कात चूक सापडत नाही. तो बुडाला असता तर मला वर ओढणारं कोण उरलं असतं? हे वादळ शमलं की इतर कंपन्यांना कळवलेलं माझं नाव गुपचूप मागे घ्यायला तो साहेबांना गळ घालेल, असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलंय. जाताना दोन फोटो माझ्या मोबाइलवर टाकून गेला. गाड्यांच्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकाला बदल हवाय आणि त्याला तो वाचता येत नाही.

मी बदल करून दिला. आता जरा वेगळ्या ढंगाने लिही, म्हणाला, तुझी पद्धत ओळखू येते.

३ जून

नवी बॅच बाहेर पडली. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा पेढ्याऐवजी चॉकलेटं वाटत फिरत होता. मला दोन दिली.

ताई बोलत नाही. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच बोलते.

१६ जून

टिल्लूवर साहेबांचा भारी विश्वास बसलाय. या वर्षीच्या नवशिक्यांसाठी प्रश्न काढण्याचं आणि त्यांची उत्तरं तपासण्याचं काम त्याच्याकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. नावं झाकलेली, नुसते नंबर. कुणाला पुढे पाठवायचं, कुणाला नाही, ते मी ठरवायचं. माझ्या प्रकरणानंतर त्यांनी एक नियमही बदललाय. नक्कल आहे असं तपासणाऱ्याला वाटलं तर बोलावून विचारत बसत नाहीत. सरळ बाहेर, आणि नाव सगळीकडे कळवायचं.

खरं सांगतो, मजा आली. वर्षभर मी ज्या बाजूला होतो त्याची दुसरी बाजू कशी असते ते बघितलं. आळशी, अर्धवट, पुस्तकातून उचललेलं, सगळं मी भराभर बाजूला काढलं. प्रोग्रामला रिकामी यादी दिली तर त्याने काय करायचं, याचा काहींनी विचारच केला नव्हता. असल्यांना नोकऱ्या हव्यात.

१८ जून

आज एक उत्तर आलं. मुलगा की मुलगी माहीत नाही, नुसता नंबर.

प्रश्न नवा होता, मीच बेतलेला. त्याला किंवा तिला उलटं जायचं सुचलं होतं, शेवटापासून मागे. पुढे एका ठिकाणी माझ्या स्वतःच्या उत्तरात राहून गेलेली फट होती, तीही तिथे सहज बुजवलेली होती, फारशी गडबड न करता, एका ओळीत. मी ते खूप वेळा वाचलं. आई मशीन चालवत होती, तिला म्हटलं जरा थांब, आणि परत वाचलं. असं लिहिलेलं मी कॉलेजात कधी बघितलं नाही. मला घाम आला.

मग मी त्यावर लिहिलं, नक्कल असावी.

इतकं चोख कुणी नवशिका घरी बसून लिहितो का? कुठून तरी उचललेलंच असणार. टिल्लूने कारण विचारलं, कारण यंत्राला कशाशीच जुळणी सापडली नव्हती. साहेब विचारतील, म्हणाला, मी काय सांगू? मी त्याला वाक्य बनवून दिलं.

१९ जून

टिल्लूचा फोन. फार खुशीत होता. साहेबांनी खरंच विचारलं, तुला कसं कळलं, यंत्र तर काही म्हणत नाही. टिल्लूने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, की सर, ज्याला असं लिहिता येतं त्याला कुणीतरी केव्हाच नोकरी दिली असती.

साहेबांना ते लगेच पटलं, म्हणतो.